विश्लेषण : बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घराचे टायटल ‘क्लिअर’ झाले का? पॅनेलवरच्या वकिलाचे नेमके काम काय?

फ्लॅट पसंत पडला, टोकन दिले, गृहकर्जाची फाइल बँकेत गेली. आठवड्याभराने फोन येतो, ‘तुमचे लीगल क्लिअर झाले.’ घरात आनंदीआनंद. ‘बँकेने एवढी लाखांची रक्कम दिली, म्हणजे कागद नीट पाहूनच दिली असणार,’ हे वाक्य त्या दिवशी घरातला प्रत्येक जण एकदा तरी बोलतो.

कागद पाहिले जातात, हे खरेच. पण ते पाहतो बँकेच्या पॅनेलवरचा एक वकील. खरेदीदार त्याला बहुतेक वेळा भेटलेलाही नसतो. त्याचा अहवाल बँकेच्या नावे असतो आणि बँकेच्याच फाइलमध्ये राहतो. त्याची फी मात्र खरेदीदाराच्या खिशातून जाते. हा वकील पॅनेलवर येतो कसा, टिकतो कसा आणि त्याची चूक झाली तर भुर्दंड कोणाला?

मुळात वकील लागतोच कशाला?

नोंदणीकृत खरेदीखत हाती आले की मालकी पक्की, असा सर्वसाधारण समज आहे. भारतातली नोंदणी मात्र दस्ताची होते, मालकीची नव्हे. नोंदणी कायदा १९०८ सालचा. दुय्यम निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्क भरले आहे का, सह्या करणारे हजर आहेत का, त्यांची ओळख पटते का, हे पाहिले जाते. विकणारा खरोखर मालक आहे की नाही, याचा निवाडा तिथे होत नाही. सातबाऱ्याचेही तसेच. महसुली नोंद हा पुरावा आहे, पण मालकीचे अंतिम प्रमाणपत्र नाही.

म्हणजे मालकी सिद्ध करायची तर आधीच्या व्यवहारांची साखळी मागे मागे जोडत न्यावी लागते. कोणी कोणाकडून घेतले, मध्ये कोण वारला, त्याचे वारस किती, सगळ्यांनी सह्या केल्या का? एक कडी निखळली की पुढचे सगळे दस्त लटपटतात. ही साखळी तपासून ‘मालकी निर्वेध आणि विक्रीयोग्य आहे’ असे लेखी सांगणारा कागद म्हणजे टायटल सर्च रिपोर्ट. कोट्यवधींच्या कर्जाचा निर्णय बऱ्याचदा या काही पानांवर उभा असतो.

पॅनेलवर नाव कसे लागते?

प्रत्येक बँक आणि गृहवित्त कंपनी आपले पॅनेल स्वतः बनवते. सगळ्या बँकांसाठी एकच सामाईक यादी नाही, एकच परीक्षा नाही. सरकारी बँकांत हा निर्णय साधारणपणे शाखेत नव्हे, तर विभागीय किंवा परिमंडळ कार्यालयात होतो. बँक अर्ज मागवते किंवा वकील स्वतः अर्ज करतो. बार कौन्सिलची सनद, किती वर्षे वकिली केली, दिवाणी आणि स्थावर मालमत्तेच्या कामाचा अनुभव, प्राप्तिकराची विवरणपत्रे, आधीच कोणत्या बँकांच्या पॅनेलवर नाव आहे, शिस्तभंगाची किंवा फौजदारी कारवाई प्रलंबित नाही याचे हमीपत्र, अशी कागदपत्रे लागतात. अनुभवाची अट बँकेगणिक बदलते. शाखेचा किंवा दुसऱ्या बँकेचा अभिप्राय घेतला जातो. मग नाव ठरावीक मुदतीसाठी पॅनेलवर घेतले जाते.

‘पॅनेलवर घेतले’ याचा अर्थ नोकरी लागली असा होत नाही. पगार नाही, महिन्याला ठरलेले मानधन नाही. अहवालागणिक फी मिळते, तीही बँकेने ठरवलेल्या दराने. किती फाइली येतील याची हमी नसते. बँक कधीही नाव कमी करू शकते, अशी अट सहसा नेमणुकीच्या पत्रातच असते. वकिलांना जाहिरात करून काम मागायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावात नव्याने वकिली सुरू करणाऱ्याला चार बँकांची पॅनेल म्हणजे नियमित उत्पन्नाचा मोठा आधार असतो. या अवलंबित्वातून काही अडचणी तयार होतात. त्या पुढे येतीलच.

अहवालासाठी नेमके काय तपासले जाते?

कामाचा सर्वात वेळखाऊ भाग हा आहे, आणि कसूरही सर्वाधिक इथेच होते.

सुरुवात मूळ दस्तापासून होते. विक्रेत्याने दाखवलेले खरेदीखत अस्सल आहे का, हे नुसते बघून कळत नाही. रंगीत प्रिंटर आणि बनावट शिक्के बाजारात मिळतात. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा वकील दुय्यम निबंधक कार्यालयातून त्याच दस्ताची प्रमाणित प्रत स्वतः काढतो आणि मूळ दस्ताशी ताडून पाहतो. दस्त क्रमांक, तारीख, पानांची संख्या, अंगठे, सह्या सगळे जुळले पाहिजे. विक्रेत्याने किंवा एजंटने आणून दिलेली ‘प्रमाणित प्रत’ चालवून घेतली, तर या तपासणीला अर्थ उरत नाही.

त्यानंतर शोध. सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला इंडेक्स टू, वर्षावर्षाने पाहिला जातो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांचा शोध घरबसल्या घेता येतो. जुन्या वर्षांसाठी आजही कार्यालयात जाऊन पुस्तके चाळावी लागतात, आणि काही ठिकाणी ती फाटलेली किंवा गहाळ असतात. अशा वेळी ‘अमुक वर्षांच्या नोंदी उपलब्ध नाहीत’ असे अहवालात लिहिलेले असते. ही ओळ सहज डोळ्यांखालून निसटते, पण तेवढ्या वर्षांची हमी कोणीच घेतलेली नाही, असा तिचा सरळ अर्थ आहे.

जमिनीचा प्रश्न आला की गुंता वाढतो. सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, अकृषिक परवानगी हे तर आलेच. जमीन भोगवटादार वर्ग दोनची असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर अडते. कुळाला मिळालेल्या जमिनीला कूळकायद्याच्या कलम ४३ चे निर्बंध लागू असू शकतात. इनाम, वतन, आदिवासी खातेदाराची जमीन, एकत्र कुटुंबाची न वाटलेली जमीन, बहिणींची नावे न लागलेला वारस फेरफार, यातले प्रत्येक प्रकरण वेगळे आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा. शहरातल्या इमारतीत बसून, त्या तालुक्याच्या नोंदी कशा वाचायच्या हे ठाऊक नसताना केलेला अहवाल म्हणूनच धोक्याचा ठरतो.

नव्या इमारतीतल्या फ्लॅटसाठी बँका बहुधा अख्ख्या प्रकल्पाचीच तपासणी एकदा करून तो ‘अप्रूव्ह्ड प्रोजेक्ट’च्या यादीत टाकतात. मग पुढच्या प्रत्येक ग्राहकाची फाइल झटपट सुटते. बिल्डरच्या स्टॉलवर बँकांच्या नावांची जी पाटी दिसते, ती यातूनच आलेली असते. शिवाय बिल्डरकडूनही वकिलाचे प्रमाणपत्र असतेच. महाराष्ट्रात १९६३ च्या मोफा कायद्यानुसार जमिनीच्या मालकीबाबत किमान तीन वर्षे वकिली केलेल्या वकिलाचे प्रमाणपत्र देणे प्रवर्तकाला बंधनकारक आहे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट पाहायला मिळतो. तो वकील मात्र बिल्डरने नेमलेला असतो.

वृत्तपत्रात कोपऱ्यात छापल्या जाणाऱ्या ‘जाहीर नोटिसा’ही याच कामाचा भाग आहेत. अमुक सदनिकेवर कोणाचा हक्क असेल, तर सात किंवा चौदा दिवसांत कळवावे, अशी ती नोटीस असते. बहुतेक वाचक ते पान उलटून पुढे जातात. हरकत आली नाही म्हणून मालकीतला दोष धुऊन निघतो, असे मात्र नाही.

तीस वर्षेच का?

काही बँका १३ वर्षांचा शोध मागतात, काही ३० वर्षांचा. हे आकडे हवेतून आलेले नाहीत. मालकीच्या आधारे ताबा मागण्याच्या दाव्याची मुदत १२ वर्षांची आहे. त्यात एक वर्ष वाढवून १३ चा पायंडा पडला. गहाण मालमत्ता सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत ३० वर्षे आहे, आणि ३० वर्षांपूर्वीच्या दस्ताच्या अस्सलपणाबद्दल पुराव्याच्या कायद्यात अनुकूल गृहीतक आहे. म्हणून वादग्रस्त किंवा मोठ्या व्यवहारांत ३० वर्षांचा आग्रह धरला जातो.

शोध कितीही वर्षांचा घेतला, तरी एक पळवाट बरीच वर्षे उघडी होती. मूळ दस्त बँकेत ठेवून केलेल्या गहाणाला नोंदणी लागत नसे. त्यामुळे ते इंडेक्स टूमध्ये दिसतच नसे. एकाच फ्लॅटचे दोन-तीन ‘मूळ’ संच करून दोन-तीन बँकांकडून कर्ज उचलण्याचे प्रकार यातूनच झाले. २०११ मध्ये सेरसाई ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली आणि बँकांना गहाणांची नोंद तिथे करावी लागू लागली. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. त्यामुळे ज्या अहवालात सेरसाईच्या शोधाचा उल्लेखच नाही, तो अहवाल अर्धवट समजायला हरकत नाही.

पॅनेलवर टिकायचे कसे?

कागदोपत्री उत्तर सोपे आहे : अहवाल वेळेत द्यावा, बँकेच्या नमुन्यात द्यावा, शोधाची पावती जोडावी, स्वतःच्या नातेवाइकाच्या किंवा अशिलाच्या व्यवहाराची फाइल घेऊ नये. ठरावीक काळाने कामाचा आढावा होतो आणि मुदत वाढते किंवा संपते. मोठ्या रकमेच्या कर्जात अनेक बँका दुसऱ्या वकिलाचाही अहवाल घेतात. खाते थकीत झाले, की जुना अहवाल पुन्हा उघडला जातो आणि त्यातला प्रत्येक शब्द नव्याने वाचला जातो.

प्रत्यक्षात ताण वेगळाच असतो. शाखेला महिनाअखेरीस कर्जवाटपाचे लक्ष्य गाठायचे असते. कर्ज मिळवून देणाऱ्या एजंटचे कमिशन वाटपावर अवलंबून असते. बिल्डरला हप्ता हवा असतो, आणि ग्राहकालाही घाई असते, कारण विक्रेत्याने दिलेली मुदत संपत आलेली असते. या सगळ्या साखळीत ‘थांबा, एका वारसाची सही नाही’ असे म्हणण्याची जबाबदारी असलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे पॅनेलवरचा वकील. त्याला पुढची फाइल मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच शाखेवर ठरते. साध्या गृहकर्जाच्या अहवालाची फी काही हजारांत असते. तेवढ्यात ३० वर्षांचा शोध, प्रमाणित प्रती, कार्यालयातल्या चकरा आणि उद्या खाते बुडाले तर होणारी चौकशी, हे सगळे बसवायचे. अहवालांत ‘कट-पेस्ट’ दिसते, त्याचे एक कारण हे अर्थकारण आहे. वकिलाच्या प्रामाणिकपणाबरोबरच पॅनेलची रचनाही तपासली पाहिजे, ती यासाठी.

अहवाल चुकला तर काय होते?

या प्रश्नावरचा महत्त्वाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये दिला. हैदराबादमधील तत्कालीन विजया बँकेच्या एका शाखेतील गृहकर्ज घोटाळ्यात बँकेचे १.२७ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा आरोप होता. सीबीआयने शाखाधिकाऱ्यासह इतरांबरोबर के. नारायण राव या पॅनेलवरील वकिलालाही आरोपी केले. त्यांनी खोटे कायदेशीर अभिप्राय दिले, असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील खटला रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. केवळ अभिप्राय चुकीचा निघाला म्हणून वकील गुन्हेगार ठरत नाही, बँकेला फसवण्याच्या कटात त्याचा प्रत्यक्ष सहभाग दाखवणारा पुरावा हवा, असे न्यायालयाने स्पष्ट केले. निष्काळजीपणासाठी नुकसानभरपाई किंवा शिस्तभंगाचा मार्ग मात्र खुला राहतो.

वकिलांना अधिक भीती वाटते ती वेगळ्याच यादीची. फसवणुकीत सामील असलेले बिल्डर, मूल्यांकनकार, सनदी लेखापाल, वकील यांची माहिती बँका इंडियन बँक्स असोसिएशनला कळवतात. तिथून ही ‘सावधगिरीची यादी’ सगळ्या बँकांपर्यंत जाते. एका बँकेत नाव खराब झाले, की सगळी पॅनेल एकाच वेळी बंद होण्याची वेळ येते. १५ जुलै २०२४ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत, अशा त्रयस्थ व्यावसायिकांचा हेतुपुरस्सर निष्काळजीपणा किंवा गैरप्रकार फसवणुकीला कारणीभूत ठरला, तर त्यांना जबाबदार धरता येईल अशा अटी करारात घालाव्यात, असे म्हटले आहे.

हा सगळा बँक आणि वकील यांच्यातला मामला झाला. ज्याने फी भरली, त्या खरेदीदाराचे काय? इथे चित्र फारसे आशादायक नाही. वकिलाचा अशील बँक आहे, खरेदीदार नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची व्यावसायिक सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे ग्राहक आयोगाचा सोपा दरवाजाही बंद. बरे, मालकीत दोष निघाला म्हणून कर्ज माफ होत नाही. कर्जाचा करार स्वतंत्र आहे. घर वादात आणि हप्ता चालू, अशी अवस्था होऊ शकते.

न्यायालयाने काय सुचवले?

९ जानेवारी २०२५ रोजी सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध प्रभा जैन या प्रकरणात न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने टायटल सर्चच्या दर्जावर थेट बोट ठेवले. एकत्र कुटुंबाच्या जमिनीतले भूखंड वाटणी न होताच विकले गेले आणि ते घेणाऱ्याने बँकेकडे गहाण ठेवले, अशी तक्रार या प्रकरणाच्या मुळाशी होती. अपुऱ्या अहवालांवर कर्जे देण्याबाबत बँकांनी सावध राहावे, असे न्यायालयाने म्हटले. रिझर्व्ह बँक आणि इतर संबंधितांनी मिळून अहवालाची प्रमाणित पद्धत आखावी आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी, प्रसंगी फौजदारी जबाबदारीही, ठरवावी, असे सुचवले. अहवालाच्या फीसाठीही प्रमाणित मार्गदर्शक तत्त्वे असावीत, हा त्यातला कमी चर्चिला गेलेला भाग. दुखणे नेमके तिथेही आहे.

इंग्लंडमध्ये कसे चालते?

पॅनेलची पद्धत इंग्लंडमध्येही आहे, पण तिथे एकच फर्म बहुधा खरेदीदार आणि कर्ज देणारी बँक या दोघांचेही काम पाहते. आपली फर्म बँकेच्या पॅनेलवर नसेल, तर बँकेसाठी दुसरी फर्म नेमावी लागते आणि खर्च वाढतो. जानेवारी २०१२ मध्ये एचएसबीसीने आपले पॅनेल अवघ्या ४३ फर्मपुरते मर्यादित केले, तेव्हा तिथे मोठा गदारोळ झाला होता. तिथल्या लॉ सोसायटीची या कामासाठी स्वतंत्र दर्जा-मान्यता आहे, आणि ती असल्याशिवाय अनेक बँका पॅनेलवर घेत नाहीत. मूळ फरक याहून मोठा आहे. तिथे मालकीची नोंद सरकारी हमीची असते आणि नोंदीतल्या चुकीमुळे नुकसान झाल्यास भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडे ती हमी नाही, म्हणून वकिलाच्या अहवालावरचा भार जास्त. लंडन किंवा स्लाऊमध्ये घर घेतलेल्या नातेवाइकांचा अनुभव ऐकून इथला अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

खरेदीदाराने काय मागावे?

पहिली मागणी अहवालाच्या प्रतीची. बँक प्रत देईलच असे नाही, पण लेखी मागायला काहीच हरकत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ देणे बँकांना बंधनकारक आहे. त्यात कायदेशीर तपासणीसारखे त्रयस्थांसाठी घेतलेले शुल्क वेगळे दाखवावे लागते आणि त्याची पावतीही द्यावी लागते. तुमच्याकडून ‘लीगल’चे किती पैसे घेतले, हे तिथे दिसेल.

प्रत मिळाली, तर शेवटच्या पानावरचे ‘क्लिअर अँड मार्केटेबल’ वाचून थांबू नका. त्याच्या आधीच्या अटी वाचा. ‘मूळ दस्त हजर केल्यास’, ‘वारसांची संमती घेतल्यास’, ‘झेरॉक्स प्रतींच्या आधारे’ असे शब्द असतील, तर ते काम पूर्ण झाले का, हे बँकेला आणि विक्रेत्याला विचारा.

जुना फ्लॅट, गावठाणातले घर, मोकळा प्लॉट किंवा वारसाहक्काने आलेली मालमत्ता असेल, तर स्वतःचा वकील नेमणे उत्तम. तो कोणत्याही बँकेच्या पॅनेलवर नसला तरी चालेल. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते आणि तो उत्तर देतो तुम्हाला. हे काम टोकन देण्याआधी, निदान साठेखतावर सही करण्याआधी व्हायला हवे. कर्ज मंजूर झाल्यावर दोष कळला, तर तोवर विक्रेत्याकडे मोठी रक्कम गेलेली असते.

सोसायटीतला फ्लॅट असल्यास आणखी एक चौकशी करा. जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, सोसायटीच्या नावे झाले आहे का? महाराष्ट्रात कित्येक सोसायट्यांची जमीन आजही बिल्डर किंवा मूळ मालकाच्याच नावावर आहे. कर्ज मिळायला याने सहसा अडत नाही, म्हणून कोणी विचारत नाही. पुनर्विकासाची वेळ आली की हाच प्रश्न पहिला उभा राहतो.

आणि कर्ज फिटल्यावर? मूळ कागद परत घेताना बँकेत जमा केलेल्या दस्तांच्या यादीशी एकेक पान जुळवून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार, पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे आणि बोजा उतरवणे बँकेला बंधनकारक आहे. विलंब बँकेमुळे झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. सेरसाईवरची आणि दुय्यम निबंधकाकडची गहाणाची नोंद उतरली का, हेही त्याच आठवड्यात तपासा. नाहीतर घर विकायला काढाल तेव्हा समोरच्या बँकेच्या पॅनेलवरचा वकील नेमके तेच कारण दाखवून फाइल परत पाठवील.